अम्लपित्तावरील औषधे आणि रक्तकर्करोगाचा रुग्ण

काश्यपसंहितेच्या खिलस्थानात अम्लपित्ताचे वर्णन करताना आचार्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली आहे. हा व्याधी प्रायः आनूप देशात उत्पन्न होतो, आणि औषधोपचारांनी शमला नाही तर रुग्णाने देशांतर करावे. वसईच्या वैद्याला या उपदेशाचे मर्म निराळे समजावून सांगावे लागत नाही. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आणि मध्ये मिठागरे, केळीच्या नि पानवेलींच्या वाड्या. याहून आनूप देश तो कोणता? देशांतर तर येथील माणूस रोजच करतो, पण ते चर्चगेटपर्यंत आणि परत, तेही बहुधा उपाशीपोटी. आपल्या बाह्यरुग्ण विभागात घशाशी जळजळ, आंबट ढेकर, उरात दाह या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची रांग कधी संपत नाही, याचे कारण शोधायला दूर जावयास नको.

या रांगेत अलीकडे एक रुग्ण असा असतो की त्याच्या जळजळीकडे नेहमीच्या नजरेने पाहणे धोक्याचे आहे. तो रक्ताच्या कर्करोगावर दररोज गोळी घेत असतो. त्याचे मूळ उपचार परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात किंवा मुंबईतील अन्य एखाद्या रुग्णालयात चालू असतात. तीन महिन्यांतून एकदा तो वसई रोडहून गाडी पकडतो, दादरला वा प्रभादेवीला उतरतो, रक्त देतो, गोळ्या घेऊन परततो. मधल्या नव्वद दिवसांत पोट बिघडले, तोंड आले, झोप उडाली, तर तो येतो आपल्याकडे. पुष्कळदा तो गोळीचे नावही सांगत नाही. 'बीपीची आणि एक रक्ताची' एवढ्यावर त्याचे कथन आटोपते. आपणही प्रश्न अम्लपित्ताचाच आहे असे धरून चालतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की या रुग्णाला पित्तशामक औषध देण्यापूर्वी त्याच्या 'रक्ताच्या गोळी'चे नाव विचारण्याची सवय आपल्या सभासदांस लागावी. काही गोळ्यांच्या बाबतीत जठरातील आम्ल कमी करणे म्हणजे कर्करोगाचे औषध अर्ध्यावर आणणे होय.

या गोळ्यांचा इतिहास थोडक्यात सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सी.एम.एल.) हा रक्तकर्करोगाचा एक चिरकारी प्रकार आहे. आपल्या देशात तो पाश्चात्त्य देशांच्या मानाने बऱ्याच कमी वयात, चाळिशीच्या आसपास, म्हणजे ऐन संसाराच्या काळात गाठतो. मे २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिब या औषधास मान्यता मिळाली आणि ज्या रोगात बहुतेकांचे आयुष्य काही वर्षांवर आलेले असे, तो रोग मधुमेहासारखा रोजच्या गोळीवर सांभाळता येऊ लागला. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळे. या औषधाच्या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने मूळ कंपनीची मागणी फेटाळली आणि स्वस्त गोळीचा मार्ग मोकळा राहिला. पुढे दासाटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब ही दुसऱ्या पिढीतील औषधे आली. इमॅटिनिबने काम भागले नाही किंवा ते सोसले नाही की रुग्णास यांपैकी एक सुरू करतात. काहींना ती आरंभापासूनच दिली जातात.

नेमका घोटाळा या बदलाच्या वेळी होतो. इमॅटिनिब हे पोटाला झोंबणारे औषध आहे. ते जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्यावे अशी सूचनाच असते. मळमळ, जळजळ यांसाठी सोबत पॅन्टोप्राझोल वा ओमेप्राझोल लिहून दिले जाते, आणि त्यात वावगे काही नाही. इमॅटिनिबच्या शोषणावर ओमेप्राझोलचा लक्षणीय परिणाम होत नाही, असे अभ्यासांती दिसून आले आहे. परंतु वर्ष-दोन वर्षांनी इमॅटिनिब बंद होऊन दासाटिनिब सुरू होते तेव्हा पॅन्टोप्राझोल मात्र चालूच राहते. रुग्णाच्या लेखी ती 'पोटाची गोळी' असते, तिचा कर्करोगाशी काय संबंध! औषधाच्या दुकानातून ती चिठ्ठीवाचूनही मिळते. वस्तुतः हे परिशिष्ट 'एच'मधील औषध आहे आणि चिठ्ठीशिवाय ते देऊ नये असा नियम आहे. पण आपल्याकडे तो नियम किती पाळला जातो हे वाचकांस ठाऊक आहे. जेवणाआधी 'पॅन्टो' आणि जेवणानंतर चहा, अशी कित्येक घरांची दिनचर्याच झाली आहे.

दासाटिनिब हे दुर्बल क्षारधर्मी द्रव्य आहे. आम्ल माध्यमात ते विरघळते, आम्ल नसेल तर जवळजवळ विरघळतच नाही. २.६ इतक्या पीएचला एक मिलिलिटर द्रवात ते १८ मिलिग्रॅमहून अधिक विरघळते. उदासीन, म्हणजे ७ पीएचच्या द्रवात एका मिलिग्रॅमचा हजारावा भागही विरघळत नाही. न विरघळलेले औषध आतड्यातून रक्तात जात नाही, मलावाटे निघून जाते. निरोगी माणसांवर केलेल्या चाचण्यांत ओमेप्राझोल चालू असताना दासाटिनिबचे रक्तातील एकूण प्रमाण ४३ टक्क्यांनी घटले. फॅमोटिडिन दहा तास आधी देऊनही ही घट ६१ टक्के भरली. सामान्य अँटासिडचे पातळ औषध गोळीबरोबरच दिले तेव्हा घट ५५ टक्के झाली. तेच दोन तास आधी दिले तेव्हा एकूण प्रमाणावर परिणाम दिसला नाही. निलोटिनिब इसोमेप्राझोलमुळे ३४ टक्क्यांनी आणि बोसुटिनिब लॅन्सोप्राझोलमुळे सुमारे २६ टक्क्यांनी कमी होते.

फॅमोटिडिनचा आकडा मुद्दाम ध्यानात ठेवावा. रॅनिटिडिनमध्ये एनडीएमए हे कर्करोगास कारण ठरू शकणारे द्रव्य आढळल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढण्यास सांगितले. २०२२ च्या भारतीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळले गेले. त्याच्या जागी 'सौम्य आणि सुरक्षित' म्हणून फॅमोटिडिन सुचविले जाते. अन्य रुग्णांसाठी ते तसे असेलही. दासाटिनिबच्या रुग्णासाठी ते सर्वांत मोठी घट घडविणाऱ्यांपैकी आहे.

आम्लाचाच हा सारा खेळ आहे याचा एक सुंदर पुरावा २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळतो. निरोगी स्वयंसेवकांना रॅबेप्राझोल देऊन जठराम्ल कमी केले तेव्हा दासाटिनिबचे शोषण खालावले. त्यांनाच बीटेन हायड्रोक्लोराइडच्या रूपाने तात्पुरते आम्ल पुरविले तेव्हा ते पुन्हा सुधारले. यावरून कोणी गोळीबरोबर लिंबाचे सरबत किंवा कोकमाचे सार सुचवील, तर तसे करू नये. प्रयोगशाळेतला दाखला हा चिकित्सेचा पाठ नव्हे.

औषध रक्तात अर्धेच पोचले तर काय होते? दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, आणि म्हणूनच गोष्ट लपून राहते. रुग्णास जळजळ कमी झाल्याने बरेच वाटते. सी.एम.एल.मध्ये दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएल ही तपासणी करतात. उपचार सुरू झाल्यावर तीन महिन्यांत ही मात्रा १० टक्क्यांच्या आत आणि वर्षभरात ०.१ टक्क्यापर्यंत यावी अशी अपेक्षा असते. ती उतरली नाही किंवा पुन्हा चढू लागली की पहिला प्रश्न येतो, गोळ्या चुकविल्या काय? रुग्ण शपथेवर 'नाही' म्हणतो आणि ते खरेही असते. मग रोग औषधाला दाद देईनासा झाला अशी शंका घेतली जाते, जनुकीय तपासण्या होतात, अधिक महागडे वा अधिक उग्र औषध सुचविले जाते. पोटाच्या गोळीचे नाव या साऱ्यात निघेलच असे नाही. स्वीडनसारख्या नोंदी काटेकोर ठेवणाऱ्या देशातही, स्पष्ट सूचना असताना, दासाटिनिब घेणाऱ्यांना आम्लरोधक औषधे सर्रास दिली जात असल्याचे रुग्णनोंदींतून उघड झाले आहे. मग आपल्याकडे, जेथे एकाच रुग्णाची औषधे तीन ठिकाणांहून येतात, तेथे काय बोलावे!

येथवरचे वाचून आधुनिक औषधांचा हा दोष आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. एक तर आपल्यापैकी पुष्कळजण पॅन्टोप्राझोल स्वतःही लिहितात. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे म्हणजे, आपली स्वतःची अम्लपित्तहर औषधे याच न्यायाने तपासली पाहिजेत.

कामदुधेतील घटक पाहा : मौक्तिक, प्रवाळ, मुक्ताशुक्ती, वराटिका, शंख, सुवर्णगैरिक आणि गुडूचीसत्त्व. पहिली पाचही द्रव्ये समुद्रातून येतात आणि रसायनशास्त्राच्या भाषेत ती मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट आहेत. तीव्र पुटाने त्याचा काही अंश चुन्यातही रूपांतरित होतो. प्रवाळ पंचामृतात हीच पाच. सूतशेखरात शंखभस्म आणि टंकण. शंखभस्म तर आपण क्षारधर्मी म्हणूनच वापरतो. दाह शमविण्याचे त्यांचे सामर्थ्य शीतवीर्य, पित्तशामक या शब्दांत आपण सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु जठरात उतरल्याबरोबर ती आम्लाचे उदासीनीकरणही करतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणजे दासाटिनिबच्या गोळीबरोबर अँटासिड घेऊ नये हा नियम जेवढा जेलुसिलला लागू, तेवढा कामदुधेलाही. मात्रेचा फरक आहे हे आम्ही मान्य करतो. दोन गुंजा भस्म म्हणजे पाव ग्रॅम. ते सहा चमचे पातळ अँटासिडची बरोबरी करणार नाही. पण आपले रुग्ण दोन गुंजांवर थांबतातच असे नाही. तयार पुड्या, चूर्णे, शंखवटी, घरचा सोडा, इनो असे सगळे मिळून दिवसात किती क्षार पोटात जातो याचा हिशोब कोणी ठेवीत नाही. आणि अंतर राखण्यास खर्च येत नाही.

अविपत्तिकर चूर्णाची गोष्ट निराळी. त्यात क्षार नाही, पण त्रिकटू आहे. पिंपळी आणि मिरी यांतील पिपरीन हे द्रव्य यकृत व आतड्यातील सीवायपी-३ए४ या विकराची क्रिया मंदावते, आणि वर सांगितलेल्या गोळ्यांचे विघटन मुख्यतः याच विकराकरवी होते. तेव्हा येथे धोका उलट्या दिशेचा, औषध रक्तात वाढण्याचा. पिंपळी ही योगवाही आहे, दुसऱ्या औषधाचे बळ वाढविते, असे आपण विद्यार्थ्यांस शिकवितो. मग ते दुसरे औषध कोणते, हेही विचारात घ्यावे लागेल.

ज्येष्ठमधाबद्दल अधिक सावध राहावे. यष्टिमधु दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत दिल्यास त्यातील ग्लिसिऱ्हायझिनमुळे रक्तातील पोटॅशियम घटते. निलोटिनिबमुळे हृदयाच्या विद्युत्‌चक्रातील क्यू-टी हा अवकाश लांबतो, आणि पोटॅशियम वा मॅग्नेशियम कमी असताना हे औषध देऊच नये असा ठळक इशारा त्यावर असतो. आता पॅन्टोप्राझोल आणि डोंपेरिडोन यांची आपल्याकडे अतिशय खपणारी जोडगोळी या रुग्णाने घेतली तर काय होईल ते पाहा. पॅन्टोप्राझोल निलोटिनिबचे शोषण घटविते, दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम उतरवू शकते, आणि डोंपेरिडोन स्वतः क्यू-टी लांबविते. एका कॅप्सूलमध्ये तीन उपद्रव! तीवर काढा म्हणून ज्येष्ठमध आपण दिला तर चौथा.

निलोटिनिब दिवसातून दोनदा, उपाशीपोटी घ्यावयाचे असते. आधी दोन तास व नंतर एक तास काही खावयाचे नाही, कारण अन्नाबरोबर ते रक्तात प्रमाणाबाहेर वाढते. म्हणजे तूप, मध, दूध असे कोणतेही अनुपान त्या वेळेत बसत नाही. दासाटिनिब दिवसातून एकदाच असल्याने तेथे वेळ साधणे सोपे आहे. रुग्ण ते सकाळी घेत असेल तर भस्मे रात्री द्यावीत. दोन तासांचे अंतर हे किमान समजावे. आम्ही स्वतः दिवसाचे विरुद्ध टोक पसंत करतो, कारण वसईहून कामाला जाणाऱ्याचे 'दोन तास' लोकल उशिरा आली की एक होतात. प्रोटॉन पंप रोधकांना मात्र अंतराचा उपाय नाही. त्यांचा परिणाम दिवसभराहून अधिक टिकतो, त्यामुळे 'सकाळी ही, रात्री ती' ही तडजोड तेथे निरुपयोगी ठरते. आम्लावर अवलंबून नसलेली दासाटिनिबची नवी घडण आता निघाली आहे. तेव्हा गोळीचे वेष्टन पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

अन्य रक्तकर्करोगांविषयी थोडक्यात. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया व काही लिम्फोमांमध्ये मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत शिरेतून देतात. प्रोटॉन पंप रोधकांमुळे त्याचे मूत्रावाटे उत्सर्जन लांबते व विषारी परिणाम वाढू शकतात, म्हणून त्या दिवसांत ही गोळी बंद ठेवण्याकडे कल असतो. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात सोमलाचाच एक प्रकार, आर्सेनिक ट्रायऑक्साइड, शिरेतून दिला जातो. तोही क्यू-टी लांबवितो, तेव्हा पोटॅशियम-मॅग्नेशियमचा वरील विचार तेथेही लागू. चिरकारी लिम्फोसायटिक ल्युकेमियात अकालाब्रुटिनिबच्या कॅप्सूलला आम्लरोधक बाधतात, गोळीच्या रूपातील त्याच औषधाला बाधत नाहीत. शिवाय ज्यांच्या श्वेतपेशी उपचारांनी घटलेल्या आहेत त्यांना जठराम्ल हे जंतूंविरुद्धचे एक कुंपण असते. ते काढले की आतड्याचे संसर्ग, विशेषतः क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा अतिसार, संभवतात. पावसाळ्यात विहिरीचे नि टँकरचे पाणी पिणाऱ्या आपल्या भागात हा मुद्दा कागदी नाही.

मल्टिपल मायलोमा या रोगाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण तेथे आपल्या भस्मांचा प्रश्न शोषणापुरता राहत नाही. या रोगात हाडे झिजून रक्तातील कॅल्शियम वाढते व मूत्रपिंडे दुर्बल होतात. रुग्ण पाठदुखी, अस्थिशूल, थकवा घेऊन येतो, डेक्सामेथासोनमुळे त्याच्या पोटात दाह असतो, आणि अस्थिपोषक म्हणून प्रवाळ-शंख-मौक्तिक देण्याचा मोह कोणाही वैद्यास व्हावा अशीच ही लक्षणे आहेत. कॅल्शियमची तपासणी पाहिल्यावाचून येथे एक गुंजही देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उलट या रुग्णाचे पॅन्टोप्राझोल बंद करण्याचा सल्लाही देऊ नये. डेक्सामेथासोन आणि ॲस्पिरिन एकत्र चालू असताना ते जठरव्रणापासून रक्षणासाठी दिलेले असते. प्लेटलेट कमी असलेल्या रुग्णात व्रणातून रक्तस्राव झाला तर तो जीवावर बेततो. या औषधांनी दीर्घकाळात अस्थिभंगाचा धोका वाढतो हे खरे, पण कोणता धोका पत्करावा हे ठरविण्याचा अधिकार मूळ चिकित्सकाचा. सी.एम.एल.च्या रुग्णातही पॅन्टोप्राझोल परस्पर तोडू नये. एकाएकी बंद केल्यास आम्ल उसळून जळजळ पूर्वीपेक्षा वाढते आणि रुग्ण पुन्हा दुकानात जातो.

आणखी एक गोष्ट, जिचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत असूनही गर्दीच्या वेळी विसर पडतो. सी.एम.एल.चे निदान होण्यापूर्वी रुग्ण बहुधा पोटाच्याच तक्रारी सांगतो. चार घास खाल्ले की पोट भरते, डाव्या कुशीत जडपणा, ढेकर, वजन घटणे. ही अम्लपित्ताची लक्षणे वाटतात. असते ती वाढलेली प्लीहा, जी जठरावर दाब आणते. सहा सहा महिने पित्तशामके घेऊन उतार न पडलेल्या रुग्णाला आडवे निजवून डाव्या बरगडीखाली हात लावण्यास एक मिनिट लागते. प्लीहा हाताला लागली, किंवा शंका जरी आली, तरी रक्ताची संपूर्ण तपासणी (सी.बी.सी.) त्याच दिवशी करून घ्यावी. श्वेतपेशींचा आकडा पन्नास हजार, लाख असा आला की पुढचा मार्ग परळचा.

प्रत्यक्ष व्यवहारासाठी आमची सूचना साधी आहे. केसपेपरवर 'अन्य चालू औषधे' या ओळीत रुग्णाच्या शब्दांवर न विसंबता पाकिटे पाहून नावे लिहावीत. दुकानातून परस्पर घेतलेली गोळी, सोडा, इनो हेही तेथे लिहावे. दासाटिनिब, निलोटिनिब वा बोसुटिनिब दिसले आणि सोबत कोणतेही आम्लरोधक आढळले, तर रुग्णाजवळ त्याच्या रक्तरोगतज्ज्ञांच्या नावे चार ओळींची चिठ्ठी द्यावी : रुग्ण अमुक गोळीबरोबर अमुक पित्तशामक इतक्या महिन्यांपासून घेत आहे, मी त्यास अमुक आयुर्वेदीय औषध अमुक वेळेस सुचवू इच्छितो, आपला अभिप्राय कळवावा. चिठ्ठी इंग्रजीत लिहिली तरी हरकत नाही, पण भस्माच्या नावापुढे त्यातील मुख्य द्रव्य अवश्य लिहावे. 'कामदुधा' या शब्दावरून परळच्या तज्ज्ञाला काही बोध होणार नाही. 'कॅल्शियम कार्बोनेट' म्हटले की तत्काळ होईल. दरम्यान दाहासाठी वेळेवर आहार, धान्यकहिम, लाह्यांचे पाणी, मनुका, रात्री लवकर भोजन इतक्यावर पुष्कळ रुग्णांचे भागते. पहाटे निघणाऱ्याने डब्याबरोबर दोन पोळ्या अधिक बांधून घ्याव्यात आणि पहिली गाडीतच खावी, हा सल्ला आम्ही देतो व तो बहुधा पाळला जातो.

औषधाचा अनिष्ट परिणाम दिसल्यास तो नोंदविण्याची सोय आहे. ॲलोपॅथीच्या औषधांसाठी भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाचा निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४ हा आहे. आयुर्वेदीय औषधांसाठी आयुष मंत्रालयाने २०१८ पासून स्वतंत्र यंत्रणा उभारली असून तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. दोन औषधांच्या संयोगाचा संशय असेल तर नोंद करताना दोन्हींची नावे, मात्रा आणि घेण्याच्या वेळा द्याव्यात. वेळा सोडून दिल्या तर अशी नोंद निरुपयोगी होते.